प्रस्थानाची लाल पिशवी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण शेवटी गाढवपणा माझाच निघणार आहे. पण आधी मला किती राग आला होता ते ऐकायचं! तो राग शंभर टक्के खरा होता.

तंजावूरच्या शाळेत मी जन्मभर मुलींना रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर आम्ही तिघींनी ठरवलं, मलेशियाला जायचं. टूर कंपनी नको! ते लोक माणसांना दर तासाला मोजतात आणि तरी एखादा मागे राहतोच. आपलं तिकीट आपण काढू, आपलं हॉटेल आपण शोधू.

तिघी म्हणजे मी, शाळेतली मीनाक्षी आणि कमला. मीनाक्षी तमिळ, शांत बाई. कमला आमच्यातलीच, तंजावूर मराठी, माझी लहानपणची मैत्रीण आणि जन्माची विसराळू. मुलीच्या लग्नात ही बाई मंगळसूत्र घरच्या ओट्यावर ठेवून मंडपात आली होती!

म्हणून मी प्रवासाचे नियम लिहून काढले. नियम पहिला: ‘पासपोर्ट कमलाच्या हाती देऊ नयेत.’ कमलाला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून यादी मुद्दाम तमिळमध्ये केली. अपमान नीट पोचायला नको? तिघींचे पासपोर्ट मी माझ्या ताब्यात घेतले.

विमान तिरुचीहून, शनिवारी दुपारी. म्हणजे घरातून साडेनऊला निघायचं. तर सासूबाई पंचांग घेऊन दारात उभ्या!

“शनवारी नऊ ते साडेदहा राहुकाळ. तेव्हां उंबरा ओलांडतेस? समुद्रापलीकडे जातेस गे, भाजीला नव्हे!”

“आई, विमान राहुकाळ बघून सुटत नाही!”

“मग प्रस्थान ठेव.”

प्रस्थान माहीत आहे ना? निघायची वेळ वाईट असेल तर आधीच चांगल्या मुहूर्तावर आपलं थोडं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं. निघताना ते सामान उचलायचं आणि पुढे जायचं. तुमच्या महाराष्ट्रात विसरले असतील, आमच्याकडे अजून चालतं.

“तांदूळ-सुपारी ठेव,” सासूबाई म्हणाल्या, “आणि जिच्यावाचून पुढे जातांच येणार नाही अशी एक वस्तू ठेव.”

मी रसायनशास्त्राची बाई, दिलेली कृती तंतोतंत करणारी. बुधवारी सकाळी लाल पिशवी भरली आणि चार घरं पलीकडे राजम्मा अक्कांच्या देवघरात ठेवून आले. सासूबाई खूश, मी मोकळी! पुढचे तीन दिवस पुळिओदरैचा, म्हणजे चिंचभाताचा, मसाला कुटण्यात आणि बॅगा तीनतीनदा भरण्यात गेले.

शनिवारी सकाळी आठला कपाट उघडलं. पासपोर्ट नाहीत!

गादी उलटली, तांदळाचा डबा उपसला, देव हलवले. मग मला लख्ख आठवलं. सोमवारी आम्ही झेरॉक्स काढायला गेलो होतो, आणि कमला बरोबर होती. लावला फोन.

“कमला, पासपोर्ट कुठे टाकलेस?”

“मी? अय्यो, तूच म्हणालीस हात लावूं नको!”

“म्हणूनच तू लावला असशील!”

“रुक्कू, मी तेव्हां बाहेर उसाचा रस पीत होतें!”

बघा, रस प्यायलेला आठवतो, पासपोर्ट आठवत नाही! मी तशीच झेरॉक्सवाल्याकडे गेले. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलीला पकडल्यावर लावायची तो आवाज लावला. बिचाऱ्याने सगळे खण रिकामे करून दाखवले, मशीनसुद्धा उघडलं. रस्त्यावरचे रिक्षावाले बघायला जमले. मी त्यांनाही सुनावलं.

घरी आले तर राजम्मा अक्का दारात.

“टीचर, तुमची पिशवी नेताय ना? मला नातीच्या वीणेच्या क्लाससाठी तिरुवैयारूला जायचंय.”

“अक्का, इथे पासपोर्ट गेलेत आणि तुम्हाला पिशवी सुचतेय! राहू दे देवाजवळ!”

दहा मिनिटांनी परत आल्या. “टीचर, मी घराला कुलूप लावतेय हं...”

“लावा! त्या सुपारीचं लोणचं घाला!”

त्या गेल्या. तेवढ्यात कमला आणि मीनाक्षी बॅगांसह टॅक्सीतून उतरल्या. कमलाच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी मी तिला बसूही दिलं नाही. सगळा जुना हिशेब काढला, मंगळसूत्रापासून.

सासूबाईंकडून प्रस्थानाचं सगळं ऐकून मीनाक्षीने हळूच विचारलं, “रुक्मिणी, त्या पिशवीत होतं काय?”

“काय असणार? तांदूळ, सुपारी, आणि जिच्यावाचून पुढे जाताच...”

माझं वाक्य तिथेच राहिलं. सासूबाईंनी पंचांग मिटलं.

पुढचं थोडक्यात सांगते, लाज वाटते हो! टॅक्सी बसस्टॉपवर. तिरुवैयारूची बस हलली होती, अक्का खिडकीत, किल्ली त्यांच्या कमरेला. मी नुसतीच ओरडत राहिले. बसच्या पुढे जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली ती कमला! ड्रायव्हरच्या शिव्या तिने खाल्ल्या. अक्का उतरल्या, देवघर उघडलं. लाल पिशवीत तांदूळ, सुपारी आणि तिन्ही पासपोर्ट, वर हळदकुंकू वाहिलेलं.

आम्ही निघालो तेव्हा दहा वाजले होते. भर राहुकाळ! निरोप द्यायला आलेल्या सासूबाई म्हणाल्या, “पासपोर्ट मुहूर्तावरच निघाले होते गे. तूच मागें राहिलीस.”

टॅक्सीत कमलाने हात पुढे केला. मी पिशवी तिच्या हातात दिली. मग तिने माझी यादी मागितली, पहिल्या नियमातलं स्वतःचं नाव खोडलं आणि तिथे माझं लिहिलं.

तमिळमध्ये, चांगलं मोठ्या अक्षरात. मला नीट पोचावं म्हणून.