पळसाच्या रंगातली अंडी

दारव्ह्याच्या रूथबाई खंडारे तीस वर्षं ईस्टरच्या आदल्या दिवशी चर्चमधल्या पोरांसाठी अंडी रंगवत आल्या होत्या. उकडलेली अंडी पळसाच्या फुलांच्या रंगात बुडवायची आणि वाळली की बारीक ब्रशने प्रत्येकावर वेल काढायची. डिसेंबरात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून उजवा हात थरथरायचा. तरी त्या शनिवारी त्यांनी ब्रश मागितलाच.

घरातले सगळे भोवती बसले. पहिलं अंडं बोटांतून निसटून फरशीवर तडकलं. दुसरंही तडकलं, तसा मुलगा शमुवेल उठला.

"आई, राहू दे. मी करतो."

"तू कायले करतं? माहा हात मेला का?" त्या ओरडल्या.

सून ममता वाटीभर तांदूळ घेऊन आली आणि तिसरं अंडं तिने त्यात रोवून ठेवलं. रूथबाईंनी डाव्या हाताने उजवं मनगट गच्च धरलं आणि ब्रश टेकवला. रेघ वाकडी गेली, थांबली, पुन्हा निघाली. कपाळावरून घाम ओघळत होता, पण तो पुसायची कोणाची हिंमत होईना. पंधरा मिनिटांनी त्या एका अंड्यावरची वेल पूर्ण झाली.

अजून अडतीस अंडी बाकी होती. रूथबाईंनी त्या अंड्यांवरून एकदा नजर फिरवली. मग त्यांनी ब्रश ममताच्या हातात दिला.

"घे, तू काढ. मी सांगते."

ममताने पहिलं पान काढताच त्या म्हणाल्या, "एवढं जाड नोको काढू. पान हाये ते, पोळी नाही."