जुन्या आवृत्तीची ओळ

भागीदार सतीश भांडून गेला, त्या रागात मी आमच्या बिलांच्या प्रोग्राममधल्या सगळ्या लायब्ररी, म्हणजे बाहेरून घेतलेले तयार कोडचे तुकडे, नव्या आवृत्तीवर नेल्या. आज बिलांची छपाईच बंद पडली, आणि गिऱ्हाइकाने संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. दुपारच्या उन्हात पडद्यावरच्या चुकांच्या लाल ओळी संथ पाण्यासारख्या सरकत होत्या. आयुष्यभर घासाघीस करून उभा राहिलो, पण या ओळींशी घासाघीस चालेना.

“सतीश सरांनी इथे कोडमध्ये लिहून ठेवलंय, ही लायब्ररी जुनीच ठेवा. नवीचं छपाईशी पटत नाही,” आमची प्रोग्रामर मेघा म्हणाली.

“त्याला काय कळतंय?”

“यातलं तरी तुमच्यापेक्षा जास्त, सर.”

जुनी आवृत्ती परत घातली, तसे कागद सरसर बाहेर येऊ लागले. माणूस सोडून जातो, पण त्याची काळजी अशी कुठेतरी काम करत राहते का? राग अजून आहे. तरी त्या ओळीखालचं त्याचं नाव खोडलं नाही.