व्याह्यांच्या मानाचा वडा

"हे कोणी लिहिलं?" चार्टवर बोट ठेवून सर्जनसाहेबांनी विचारलं.

अक्षर माझं होतं, खाली सही माझी होती. इकडेतिकडे बघण्यात अर्थ नव्हता.

"मी, सर."

"तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"नाही, सर. पेशंट म्हणाले."

"पेशंट उद्या म्हणेल मी बरा झालो. मग टाकेही काढाल का?"

वाद चालला होता पोटातल्या वाऱ्यावरून. हसू नका. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं की आतडी रुसतात आणि दोन-चार दिवस काम बंद ठेवतात. ती पुन्हा कामाला लागली याची पहिली खबर म्हणजे वारा सरणं. आम्ही चार्टवर 'फ्लेटस पास' लिहितो. इंग्रजीत लिहिलं की सगळंच सभ्य दिसतं. ती खबर येईपर्यंत तोंडाने पाणीसुद्धा नाही. हाताला सलाइन आणि नाकातून पोटात रबरी नळी, म्हणजे रायल्स ट्यूब.

गोष्ट एकोणऐंशी-ऐंशीची. भंडाऱ्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी सर्जिकल वॉर्डची स्टाफ नर्स होते. पेशंट अड्याळचे, धानाची शेती असलेले सदाशिवभाऊ. जठरातला व्रण फुटून छिद्र पडलं होतं. साहेबांनी ते शिवलं आणि माणूस वाचला. आता फक्त स्वस्थ पडून राहायचं होतं. आपल्याकडे हेच सगळ्यात अवघड काम.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेजवळ गेले, तर स्टुलावर फेटा बांधलेले एक गृहस्थ बसलेले. कोंढा गावचे व्याही. भाऊंच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, त्यांच्याकडे नुकतंच झालेलं. मी अकलेचा दिवा पाजळला आणि त्यांच्यादेखत विचारलं, "भाऊ, गॅस पास झाला का?" सदाशिवभाऊंनी छताकडे बघत होकाराची मान हलवली. मीही सुशिक्षित बाई, मान म्हणजे पुरावा समजून लिहून मोकळी झाले.

साहेब राउंडला घाईत होते. त्यांनीही पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकण्याऐवजी चार्टच वाचला. नाकातली नळी काढा म्हणाले, आणि तासाला दोन चमचे पाणी द्या. ही त्यांची चूक मी त्यांना कधी बोलून दाखवली नाही. माझी त्यांनी वॉर्डभर ऐकवली.

दुपारी मी जेवायला गेले आणि इकडे वॉर्डात पंगत बसली. भाऊंच्या पत्नीने डबा आणला होता: वडे, भात, वरण, वर तुपाची वाटी. पेशंटने एक वडा आणि चार घास भात खाल्ला. चार वाजता पोट नगाऱ्यासारखं फुगलं. ओकाऱ्या सुरू झाल्या, नाडी धावू लागली. साहेबांनी नळी परत घातली, चार्ट मागवून ती सुरुवातीची हजेरी घेतली आणि मग मला व्हरांड्यात सांगितलं, "शिवलेलं सुटलं असेल किंवा उद्यापर्यंत पोट बसलं नाही, तर पुन्हा उघडावं लागेल. या अवस्थेत उघडलं तर वाचेलच असं सांगत नाही."

माणूस मेला असता तर माझ्या एका ओळीने मेला असता.

मी भाऊंच्या पत्नीला बाजूला घेतलं. वारा खरंच सरला होता का, असं विचारलं.

"नाही जी बाई. व्याही साक्षगंधानंतर पयल्यांदा आले. यायनं घास घेतल्याबिगर ते जेवनार नाहीत. पाहुना उपाशी गेला तं अड्याळात तोंड कसं दाखवाचं?"

"आणि तुमचा नवरा गेला असता तर?"

त्यावर ती रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या दारात मीच उभी राहिले आणि एकाही नातेवाइकाला आत सोडलं नाही. पोट थोडं मऊ वाटत होतं, पण आता माझ्या वाटण्याला कोण विचारतो? दहाच्या सुमारास सदाशिवभाऊंनी बोटाने जवळ बोलावलं.

"बाई, झालं. या बारी खोटं नाही."

मी खाटेजवळून हललेच नाही. अर्ध्या तासाने पुन्हा झालं आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलं. खोटं कशाला सांगू, लग्नातल्या सनईनेही मला इतका आनंद दिला नव्हता. साहेबांनी या वेळी पोटाला स्टेथोस्कोप लावून नीट ऐकलं आणि ऑपरेशन रद्द केलं.

बाहेर बाकावर व्याही होते. कालपासून तिथेच. त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही, असं आयाने सांगितलं. मी त्यांना झाला प्रकार पहिल्यापासून सांगितला.

"मले काहून नाही सांगतलं बाई? त्यायनं 'डाक्टरनं परवानगी देल्ली' म्हनलं म्हनून मी बसलो. मी तं घरूनच जेवून आलो होतो."

निवृत्त होईपर्यंत मी आधी पाहुण्यांना बाहेर काढलं आणि मगच पेशंटला प्रश्न विचारला. पुष्कळ व्याही माझ्यावर रुसून गेले.