मायची साडी अन् ट्रकची गाठ

माझ्या मायची साडी सोडवायला एकदा लग्नाच्या मांडवात कोयता आला होता. साडी मीच नेसवली होती.

तेव्हा मी पंधरा वर्षांचा. मायच्या डाव्या अंगावरून लकवा गेलेला, म्हणजे डावा हात अन् डावा पाय संपावर. (तोंड मात्र डबल ड्यूटीवर!) माझे वडील, म्हणजे आबा, केळीचा ट्रक घेऊन दिल्लीच्या रस्त्यावर. म्हणून फैजपूरच्या आमच्या घरात मायची वेणी, मायच्या गोळ्या, भाकरी, भांडी, सगळी खाती माझ्याकडे. शाळा मी सोडून दिली होती. शाळेनंही परत बोलवायची घाई केली नाही.

घरात माय गाऊन घालायची. मग धरणगावला मावशीच्या पोरीचं लग्न निघालं अन् माय अडून बसली.

"मी नही येत, भावड्या."

"काहून?"

"भर मांडवात साडी सरकली तर? एका हातानं काय काय धरू? लोके हसतीन."

आजारी पडल्यापासून दवाखाना सोडून ती कुठंच गेली नव्हती. सख्ख्या बहिणीच्या पोरीचं लग्न, अन् ही घरात भिंतीकडं पाहत बसणार? मी छाती ठोकली. "माय, साडी सरकली तर माझं नाव बदल!"

निऱ्या मी मोबाईलवर पाहून शिकलो. (त्या निऱ्या कमी अन् केळीच्या पानांचा गठ्ठा जास्त दिसत होत्या.) पण पिनांवर माझा भरवसा नाही. भरवसा एकाच गोष्टीवर, आबांनी शिकवलेल्या ट्रकच्या गाठीवर. ताडपत्रीवर ती मारली की दिल्लीपर्यंत केळ हलत नाही! एक टोक ओढलं की फटकन सुटते, दुसरं ओढलं की अजून आवळते. मी परकरातली नाडी काढून फेकली अन् ताडपत्रीची हिरवी दोरी ओवून तीच गाठ मारली. दोरी लांब होती. कापायची कशाला, म्हणून उरलेली पोटाला गुंडाळून टाकली.

मांडवात मायला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. बसली की ती डावीकडं कलायची अन् घाबरून पदर धरायची. माझं डोकं चाललं! (ते चाललं की घरात काहीतरी मोडतं.) उरलेली दोरी पदराखालून काढली, खुर्चीला वेढा दिला, वर ट्रकची गाठ. माय ताठ! ओळखीच्या बाया येऊन म्हणाल्या, "कशी छान बसनी शे!" माय हसली. मी निवांत वरण-बट्टी हाणायला गेलो.

तिकडं मायला बाथरूमला जायचं झालं. मावशीनं हात धरून उठवली, तर खुर्ची पण उठली.

"अवं, हाई काय शे?"

"तुझ्या भाच्याची कारागिरी," माय म्हणाली. "लवकर सोड, माले दम नही."

मावशीनं एक टोक ओढलं. चुकीचं! मायचा श्वास अडकला. मग चार बाया मिळून ओढायला लागल्या, तेही चुकीचंच! तशीच खुर्चीसकट मायला बाथरूमपर्यंत नेली, तर दारातून माय जाते अन् खुर्ची अडते. कोणी म्हणालं, दोरी कापा. माय ओरडली, "खबरदार! तीच माझी नाडी शे! कापली तर परकर काय तुझी सासू धरीन?"

तोवर मावशीनं माईक हिसकावला. "कोणाकडे कात्री असेल तर ताबडतोब बायकांकडे आणा!"

मी बट्टी कुस्करत ऐकलं. माझ्या शेजारून आचारी पानं कापायचा कोयता घेऊन धावला. कोयता पाहून वरबाप उठून उभा राहिला अन् नवरदेवानं गाडीची चावी चाचपली. मीही हात न धुता गंमत पाहायला धावलो. गंमत माझीच निघाली.

"बठ्ठ्या जणी बाजूला व्हा," मायचा आवाज आला. "भावड्याले येऊ द्या."

एक बाई म्हणाली, "बायांमध्ये पोऱ्याचं काय काम?"

"रोज माझं बठ्ठं, वेणीपासून गोळ्यांपर्यंत, तोच करस. तुम्ही नुसत्या ओढी राहिन्या!"

बाया बाजूला सरकल्या. मी तुपाच्या हातानं बरोबर टोक धरलं अन् एक झटका दिला. खुर्ची खाली, माय आत. थोडक्यात वाचलो!

मावशीनं डोळे पुसले. "ताई, आता मी नेसवते."

"नको," माय म्हणाली, "भावड्याच बांधीन. त्याची सरकत नही. फक्त खुर्चीले नको बांधू रे बापा!"

मागच्या वर्षी माझं लग्न झालं. माझ्या उपरण्याची अन् नवरीच्या शेल्याची गाठ मारायला मावशी पुढं आली, तशी माय खुर्चीतून ओरडली, "तू नको मारू! भावड्यालेच मारू दे. ही पोरगी सरकली तर त्याले दुसरी कोण देईन?"

मारली मी. बायको अजून विचारते, कोणतं टोक ओढायचं?