मधली चार ठिगळं

फुलेवाडीत आक्काला वाकळ शिवायला दिली की ती टेप लावायची नाही, कागदावर काही आखायची नाही, आणि तरी वाकळ चारी बाजूंनी सारखी निघायची. जुन्या लुगड्यांची वीतभर चौकोनी ठिगळं काठाकडून आत, एकेक वेढा घालत शिवायची. नऊ ठिगळांची बाजू असली की बाहेरच्या वेढ्यात बत्तीस, मग चोवीस, सोळा, आठ, आणि मधोमध एकुलतं एक. दर वेढ्याला आठ कमी. का, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, प्रत्येक बाजूची दोन गळतात आणि बाजू चार, यात विचारायचं काय? आक्काला प्रश्न आवडत नसत. थोरली असण्याची सवय, दुसरं काय.

याच थोरलेपणानं घोटाळा केला होता. आई गेली तेव्हा तिचं इरकली लुगडं आक्कानं कुणाला न विचारता आपल्या ट्रंकेत ठेवलं. चंदगडची आणि गडहिंग्लजची, अशा मधल्या दोघी बहिणी गप्प बसल्या. धाकटी पूर्णिमा मात्र जी गगनबावड्याला सासरी निघून गेली, ती पुन्हा फिरकली नाही. फोनही उचलेना. गगनबावड्याची एसटी आक्काच्या दारावरनंच जायची. दर गाडीला आक्काची मान वर व्हायची, आणि मग ती उगाच सुनेवर चिडायची. तिला पूर्णिमा हवी होती, पण कमीपणा घ्यायचा नव्हता.

यंदा तिनं आईच्या सगळ्या लुगड्यांची वाकळ करायला घेतली. मधोमध इरकलीच्या पदराचं ठिगळ लावायचं, वाकळ आपल्याकडंच ठेवायची, आणि बहिणींना सांगायचं, या, बघून जा. एवढी तडजोडसुद्धा तिला फार मोठी वाटत होती. कापड भरपूर निघालं म्हणून तिनं नेहमीच्या नऊऐवजी बाजू दहाची धरली. वेढे झरझर आत आले. छत्तीस, अठ्ठावीस, वीस, बारा. आणि मध्ये जागा उरली ती एका ठिगळाची नव्हतीच, चारांची होती.

आक्काचं डोकंच फिरलं. हात चुकला म्हणून तिनं आतला वेढा उसवून पुन्हा घातला, पुन्हा तेच. शेवटी शेंगदाणे घेऊन ती फरशीवर बसली आणि मधून बाहेर मांडत गेली. एकाभोवती आठ, मग सोळा, चोवीस. शेजारी चारांभोवती बारा, वीस, अठ्ठावीस. दोन्हीकडं आठानंच वाढत होतं. तिनं पुन्हा पाहिलं. एकावरून आठावर जाताना सातच वाढत होते. चार मध्ये ठेवले तर पहिल्या वेढ्यापासून आठाचा नेम सुटत नव्हता. एकट्याला मध्ये बसवलं की तो तिथंच मोडत होता. इतक्या वाकळी शिवल्या आणि हे तिला कधी दिसलं नव्हतं.

त्या एकट्या शेंगदाण्याकडं ती बराच वेळ बघत राहिली. तिला स्वतःचीच लाज वाटली. मग तिनं तो उचलून तोंडात टाकला आणि सुनेच्या मोबाईलवरून पूर्णिमाला फोन लावला. अनोळखी नंबर म्हणून पूर्णिमानं उचलला.

"पूर्णे, आईची वाकळ शिवायला घेतलीया. मधी चार ठिगळं बसत्यात. माझं तेवढं मी लावणार. बाकीची जिची तिनं यिऊन लावायची."

पलीकडून बारीक आवाजात, "इरकलीची?"

"व्हय, पदराची. चौघींना सारखी. तवा माझंच चुकलं."

रविवारी दोघी बहिणी सकाळीच आल्या. दुपारच्या एसटीतून पूर्णिमा उतरली, तोंड फुगवूनच. आल्या आल्या तिनं सुई मागितली. चौघी वाकळीच्या मधोमध गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. पूर्णिमाचा टाका वाकडा गेला. आक्काचा हात उसवायला पुढं झाला, पण तिनं तो मागं घेतला.

संध्याकाळी आक्कानंच वाकळीची घडी पूर्णिमाच्या हातात दिली. गगनबावड्याला गारठा जास्त, असं कारण तिनं सांगितलं.

"पंचमीला घिऊन येतो की परत," पूर्णिमा म्हणाली.

वाकळ परत नाही आली तरी आक्काला चालणार होतं. पूर्णिमा येणार होती.