कान कापलेला बोकड

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आजही आठवून हसू येतं ते सत्तरच्या दशकातल्या एका बोकडाच्या चोरीचं. तेव्हा मी भिवंडीत फौजदार होतो.

बकरी ईद तोंडावर आली होती आणि आम्ही बंदोबस्ताच्या गडबडीत होतो. अशात मुंबईच्या एका प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाईंनी येऊन फिर्याद दिली, प्रयोगशाळेच्या अंजूर गावातल्या गोठ्यातून बोकड चोरीला गेला. हवालदार गालातल्या गालात हसला. त्या दिवसांत गेलेला बोकड परत मिळत नसतो.

बाई मात्र रडवेल्या झाल्या होत्या. माणसाची वाढ करणारं एक प्रथिन असतं, ते वर्षभर थोडं थोडं टोचून त्यांनी या बोकडाच्या रक्तात त्या प्रथिनाला अचूक ओळखणारी प्रतिपिंडं तयार केली होती. उंची खुंटलेल्या मुलांच्या रक्तात ते प्रथिन कमी आहे का, हे त्यावरून कळणार होतं. औषध फार थोडं मिळे. ते कोणाला द्यायचं हे याच तपासणीवर ठरायचं. इतरही बोकड टोचून पाहिले होते, साधलं ते या एकात.

"हा कापला गेला तर त्या मुलांना पुन्हा वर्षभर थांबवावं लागेल. वाढीचं वय थांबत नाही हो," बाई म्हणाल्या. त्यानंतर हवालदारही हसला नाही.

पंचनाम्यात गोठ्याची कडी शाबूत दिसली. पेंढ्यात प्रयोगशाळेचा पितळी बिल्ला सापडला, कानाच्या तुकड्यासकट. काम माहीतगाराचंच होतं. गोठा राखणाऱ्या गड्याला आणलं, पण 'मना काय ठावं न्हाय' हे त्याचं पालुपद काही सुटेना. मारझोडीवर माझा कधीच विश्वास नव्हता; उपाशी ठेवलेल्यापेक्षा चहा पाजलेला माणूस लवकर बोलतो.

तेवढ्यात एक लूममालक चाचा बंदोबस्ताचं बोलायला आले. जुनं कोकणी मुसलमान घराणं, माणूस मोठा बोलका. बोलता बोलता त्यांनीच खबर दिली: काल बाजारात एक धष्टपुष्ट बोकड फिरत होता, कान ताजा कापलेला, कोणी घेतला नाही. मी त्यांना घेऊन गड्यासमोर बसलो, चहा पुढे सरकवला आणि विचारलं, "बोकड खपला नाही ना रे?"

गडी बघतच राहिला. मग पोटातलं दुःख बाहेर पडलं. "सायेब, येवढा तगडा बोकड हाय, भाव पाडला तरी कोन हात लावीना. का ते तरी सांगा."

चाचांनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, कुर्बानीचा जानवर बेऐब लागतो. आमच्यात कान जरासा कापलेला पण चालत नाही. बिल्ला काढायला तू कान कापलास, आणि तिथेच त्याचा जीव वाचवलास."

बोकड दिघाशीला गड्याच्या बहिणीकडे सापडला. मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात बांधला, तर त्याने हवालदाराने लावलेली तुळस फस्त केली. कोर्टाच्या हुकमाने ताबा घेताना बाईंनी त्याच्या पाठीवरच्या टोचल्याच्या गाठी चाचपल्या आणि मग मात्र त्या खरोखर रडल्या. गड्याला शिक्षा झाली, पण थोडक्यावर निभावलं.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. चोर पोलिसांच्या नजरेचा विचार करतो, गिऱ्हाइकाच्या नजरेचा करत नाही. पुढे कुठल्याही ठाण्यात गेलो तरी आधी बाजारात ओळखी केल्या.

वर्षभराने बाईंचा निरोप आला. त्या बोकडाच्या प्रतिपिंडांवरून पहिली तपासणी झालेल्या मुलीला औषध सुरू झालं होतं आणि तिचा शाळेचा फ्रॉक आखूड झाला होता. मी लगेच चाचांकडे जाऊन सांगितलं. त्यांनी चालू लूम बंद करायला लावला, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघा साहेब, बाजारात आम्ही त्यालाच ऐबी म्हणून परत पाठवला होता."