एकाच नावाचे दोन उमेदवार

ती घटना आजही आठवली की मला आधी हसू येतं आणि मग थोडी लाज वाटते. सगळं प्रकरण एका नावाभोवती फिरलं, आणि नेमकं तेच नाव मला इथे लिहिता येत नाही. नोकरीतली सवय आहे, कोणाचंच लिहिणार नाही. एकाला आमदार म्हणतो, दुसऱ्याला टेलर. दोघांचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अगदी एक होतं.

आमदार त्या वेळी खरं तर माजी होते. पण आमच्या गोंदियाकडे एकदा आमदार झालेला माणूस पडला तरी मरेपर्यंत आमदारच असतो. पहिल्यांदा ते अपक्ष उभे राहिले आणि अनामत घालवून बसले. नंतर पक्षाचं तिकीट मिळालं, निवडून आले, पुढच्या वेळी आणखी जोरात आले. चौथ्या वेळी पडले. ज्या मतांनी पडले, त्याहून जास्त मतं त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला गेली होती. मशीनवर चिन्ह असतं, फोटो असतो, सगळं खरं. तरी म्हातारी माणसं ओळखीचं नाव दिसलं की बटण दाबून मोकळी होतात. आता त्यांची पाचवी निवडणूक होती, आणि पुन्हा एक जुळ्या नावाचा अपक्ष उभा होता. या वेळी कुडव्याचा टेलर.

मी तेव्हा शहराच्या कडेच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. दिवाळी नुकतीच झाली होती, धानकापणी जोरात होती आणि आचारसंहितेमुळे निम्मा स्टाफ नाकाबंदीवर. सकाळची हजेरी आटोपून मी बंदोबस्ताचा तक्ता पाहत होतो, तेवढ्यात टेलरची बायको आली. सोबत गळ्यात दुपट्टा घातलेला एक इसम.

"साहेब, माह्या माणसाले नेलं जी," ती म्हणाली. "काल सकाळी दुकानात जातो म्हणून गेले, ते आलेच नाही. फोन बंद दाखवून राहिला."

"कोणी नेलं?"

ती काही बोलायच्या आत दुपट्टेवाला बोलला, "आमदाराच्या लोकांनी, और कौन! फॉर्म वापस घ्यायला लावतील न. परवा तीन वाजेपर्यंत टाईम आहे."

फिर्यादीपेक्षा सोबत आलेला माणूस जास्त बोलत असेल, तर आधी त्याचं नाव लिहून घ्यावं, हे मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो. त्याचं नाव मी लिहून घेतलं खरं, पण पुढे कामाच्या गर्दीत तिकडे पाहिलंच नाही.

त्या बाईला मात्र मी विसरू शकलो नाही. जबाब देऊन ती घरी गेली नाही. ठाण्याच्या व्हरांड्यात, भिंतीला टेकून बसून राहिली. आमच्या महिला शिपायाने डबा पुढे केला, तर हात जोडून म्हणाली, "ते आल्यावर खाईन." तिला ना निवडणुकीशी घेणं होतं ना आमदाराशी. आपला नवरा धडधाकट घरी यावा, एवढंच तिला हवं होतं.

अज्ञात इसमांविरुद्ध अपहरणाचा गुन्हा दाखल केला. चौकशीत पहिलं नाव आलं ते आमदारांच्या एका जुन्या कार्यकर्त्याचं. वय साठीचं, धंदा तांदळाचा. दोन दिवसांपूर्वी तो पेढ्यांचा डबा घेऊन टेलरच्या घरी गेला होता, हे शेजाऱ्यांनीच सांगितलं. मी त्याला ठाण्यात बोलावलं आणि माझ्या पद्धतीप्रमाणे आधी दोन तास नुसतं बाकावर बसवून ठेवलं. माणूस बसून बसून आतून ढिला होतो. मग आत घेतलं.

"गेलो होतो साहेब," तो म्हणाला. "पाया पडलो त्याच्या. म्हटलं, बाबू, मागं घे. तो म्हणाला, पाहतो. मी वापस आलो. खतम."

तेच मी चार वेळा विचारलं. एकदा तो म्हणाला टेलर खुर्चीवर होता, एकदा म्हणाला मशीनवर. एकदा चहा घेतला, एकदा नाही घेतला. मी टेबलावर हात आपटला. "खोटं बोलून राहिला तू!"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मारा साहेब, पण अटक नका करू. मागच्या वेळी आमचा माणूस त्या नावानं पडला. आता माह्यामुळं पडेल, त मी तोंड कुठं दाखवू?"

मी तापट माणूस. त्या पाण्याने मी विरघळलो नाही. वरिष्ठांचे दिवसातून पाच फोन येत होते, विरोधी उमेदवाराचे लोक फाटकाबाहेर घोषणा देत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पुन्हा हजर राहायला सांगितलं आणि अटकेची तयारी करून ठेवली. मला पक्की खात्री होती. आज सांगतो, ती खात्री चुकीची होती. खोटं पाठ केलेला माणूस चारही वेळा तेच शब्द बोलतो. खरं सांगणारा आठवून आठवून सांगतो, म्हणून इकडचं तिकडे होतं. हे मला तीस वर्षं नोकरी करून माहीत नव्हतं का? होतं. पण खात्री झाली की माणूस स्वतःचंच शिकलेलं ऐकत नाही.

माघारीचा शेवटचा दिवस उजाडला. सकाळी दहाच्या सुमारास एक अंगणवाडीताई तरातरा ठाण्यात आली. व्हरांड्यात बसलेल्या टेलरच्या बायकोकडे बोट करून म्हणाली, "ह्या बाईचा नवरा हरवला म्हणते सारं गाव. हरवला कुठं? माह्यासंग बोलला न आत्ता!"

मी खुर्चीतून उठलोच. "काय बोलला?"

"मंडईसाठी ब्लाऊज शिवाले टाकलं होतं जी. भाऊबीजेले देतो म्हणे, नाही देलं. आत्ता फोन आला, ताई, तुमचा ब्लाऊज तयार आहे, खालच्या खुंटीवर लटकवला आहे, फक्त हूक लावाचे आहेत, ते घरीच लावून घ्या. मी म्हटलं, तू आहेस कुठं? म्हणे, एका कामात आहो."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात. त्या वेळी कबूल केलेला ब्लाऊज न देणं म्हणजे टेलरसाठी लग्नाच्या घरी भात कमी पडण्यासारखं. बिचाऱ्याला राहवलं नव्हतं.

"नंबर?"

तिने दाखवला. अनोळखी होता. मी तो हवालदाराकडे दिला, पण कंपनीकडून माहिती यायला दोन-तीन तास सहज जाणार होते आणि आमच्याकडे एकूण पाचच होते.

"ताई, मागून काही आवाज येत होता? गाडीचा, माणसांचा?"

"माणसं नाही. विमान घरघरत होतं. एक गेलं की दुसरं. धड ऐकू नव्हतं येत."

हवालदाराने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. एक गेलं की दुसरं, तेही खालून, असं जिल्ह्यात एकाच ठिकाणी होतं. बिरसीच्या विमानतळावर शिकाऊ वैमानिक दिवसभर तेवढ्याच भागात घिरट्या घालत असतात. मी गाडी काढायला सांगितली. टेलरची बायको विचारत होती, "जिते आहेत न जी?" तिला मी म्हटलं, "ब्लाऊजची चिंता करतो म्हणजे चांगलाच जिता आहे."

वाटेत डोक्यात लख्ख पडलं: आमदारांच्या लोकांनी नेला असता, तर माघारीच्या सहीसाठी एव्हाना तहसीलला आणला असता; त्याने माघार घेऊ नये, हे हवं होतं विरोधकांना. बिरसी ते कामठा या पट्ट्यात विरोधी उमेदवाराच्या माणसांची शेतघरं किती, हे आमच्या बीट अंमलदाराला तोंडपाठ होतं. पहिल्या दोन ठिकाणी काही नव्हतं. तिसऱ्या शेतघराचं दार सताड उघडं. आत टेलर खाटेवर पाय पसरून बसलेला, समोर ताटात कोंबडीचा रस्सा. मला पाहून घास हातात तसाच घेऊन उभा राहिला.

"तुला कोणी डांबून ठेवलं?"

"डांबून? नाही साहेब. ते म्हणाले, माघार संपेपर्यंत इथं आरामात राहा, आमदाराचे लोक त्रास देतील. माहा फोन त्यायनंच ठेवून घेतला. घरी निरोप देला म्हणाले."

"कोण म्हणाले?"

त्याने नाव सांगितलं. तोच दुपट्टेवाला, विरोधी उमेदवाराचा माणूस. फोन टेलरने शेताच्या गड्याकडून मागून घेतला होता, आणि अंगणवाडीताईचा नंबर मापाच्या चिठ्ठीवर लिहिलेला, ती चिठ्ठी त्याच्या खिशात होती. बायकोचा नंबर मात्र पाठ नव्हता. तो तरी कोणाला असतो?

एक वाजता त्याला ठाण्यात आणलं. बायकोने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, हात-पाय चाचपले, आणि मग तिचा बांध फुटला. "दोन दिस मी अन्नाचा घास नाही घेतला, अन् तुमी तिथं कोंबडी खाऊन राहिले!" रडत रडत तिने हातातली पिशवी त्याच्या पाठीत हाणली. आम्ही कोणी मध्ये पडलो नाही.

तेवढ्यात आमदार आले. सकाळपासून बाकावर बसवलेल्या आपल्या कार्यकर्त्याला सोडवायला आले होते. समोर टेलर पाहून थबकले. शिपाई लगबगीने खुर्ची घेऊन आला. आमदार बसले नाहीत. म्हणाले, "हे बी उमेदवार आहेत. यायले बी खुर्ची द्या."

दोघं समोरासमोर बसले. घड्याळात दीड वाजला होता, तहसील कार्यालय दहा मिनिटांवर. टेलर चाचरत बोलू लागला. "साहेब, मागं घेतलं त लोक म्हणतील आमदारानं विकत घेतलं. नाही घेतलं त म्हणतील त्यायनं विकत घेतलं. मले त फक्त मतदानाच्या मशीनवर नाव पाहाचं होतं जी. आता दोन्हीकडून इज्जत गेली."

आमदारांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. मग म्हणाले, "पहिल्यांदा मी उभा राहिलो, तवा सारे माह्या आंगणात येऊन बसले होते. मागं घे म्हणून. मी घेतलं नाही. मी तुमाले मागं घ्या म्हणणार नाही." त्यांनी हात जोडले आणि आपल्या म्हाताऱ्याला घेऊन निघून गेले. ते मनातून आलेलं होतं की राजकारण होतं, मला अजून कळलेलं नाही. दोन्ही असावं.

टेलरने माघार घेतली नाही. आम्ही दुपट्टेवाल्यावर खोटी माहिती दिल्याबद्दल कारवाई केली आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना अहवाल पाठवला. टेलरला चिन्ह मिळालं शिलाई मशीन. आणि पुढचे दोन आठवडे तो गळ्यात टेप अडकवून दारोदार फिरला. "हे शिलाई मशीन माहं आहे. हे दाबू नका. नाव एकच आहे, माणूस तो दुसरा." माझ्या उभ्या नोकरीत असा प्रचार मी पाहिला नाही. आमदार निवडून आले. थोड्याच मतांनी, पण आले.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, तर हे: दोन दिवस आम्ही सगळे तो माणूस कुठे आहे एवढंच विचारत होतो. त्याला काय हवं आहे हे ठाण्यातही कोणी विचारलं नव्हतं आणि पक्षातही नाही. एक खुर्ची मिळाली, तर त्याने स्वतःची इज्जत स्वतःच सावरली. आणि त्या म्हाताऱ्या कार्यकर्त्याची मी घरी जाऊन माफी मागितली. वर्दीत असताना माफी मागणं जड जातं. मागून पाहा, मरत नाही माणूस.

निकालानंतर गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचा अहवाल न्यायालयात पाठवायचा होता, म्हणून टेलरच्या बायकोचा पुरवणी जबाब घ्यायला मी कुडव्याला गेलो. टेलर मशीनवर होता. हवालदाराच्या मोबाईलवर केंद्रवार मतांची यादी होती. त्यांच्या केंद्रावर टेलरच्या नावापुढे एक मत होतं. फक्त एक.

"स्वतःला दिलं का रे?" मी थट्टेने विचारलं.

"नाही जी, मी त आमदारालेच देलं," तो मान वर न करता म्हणाला.

बायको दारात तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "गावभर सांगून आले, मले मत देऊ नका. मलेबी सांगाले आले होते. मी म्हटलं, चूप बसा. दोन दिस तुमच्यासाठी ठाण्यात उपाशी बसली मी. मी नाही देईन त कोण देईन तुमाले?"